शेवंतीचा लगाम: एका घोडीच्या तोंडाचे आणि दोन हातांचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्याच्या डिचोली तालुक्यात एका कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला सहा घोड्यांची छोटी पागा आहे आणि तिथे मी आठवड्यातले चार दिवस घोडेस्वारी शिकवते. पुढे मांडलेले प्रकरण त्या पागेतील एका घोडीचे, तिच्यावर शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचे आणि त्या दोघींना जोडणाऱ्या लगामाचे आहे. माणसांची नावे दिलेली नाहीत व घोडीचे नाव बदलून तिला येथे शेवंती म्हटले आहे. घटनांचा क्रम, घेतलेले निर्णय आणि त्यांतील माझ्या चुका मात्र जशा घडल्या तशाच लिहिल्या आहेत.

शेवंती मारवाडी वळणाची, कुमेत रंगाची, टोके एकमेकांकडे वळलेल्या कानांची आणि दातांवरून पाहता नऊ वर्षांच्या आसपासची घोडी आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत पागेच्या मालकांनी ती विकत घेतली. त्याआधी तिला लग्नाच्या वरातींत नाचवले जात असे आणि ती आली तेव्हा तिच्या तोंडात काटेरी लगाम होता, म्हणजे जिभेवर व हिरडीवर टोचणारे दाते असलेले लोखंड. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांत असे टोचणारे साधन वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. मालकांनी ते लोखंड त्याच दिवशी काढून फेकले आणि सामानाच्या खोलीतले, मध्ये एकच सांधा असलेले गुळगुळीत साधे बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग, तिला घातले. काटे गेले म्हणजे दुखणे गेले, असे त्यांनी मानले, आणि मीही मानले. तिचे तोंड उघडून आत पाहावे, असे त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

मालकांविषयी एक गोष्ट येथे सांगायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येतो. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. तरुणपणी ते शिगम्यात घोडेमोडणी नाचत. कमरेला लाकडी घोडा बांधायचा, उजव्या हातात तलवार परजायची आणि डाव्या हातात लगाम उंच धरून ढोलताशाच्या ठेक्यावर तो हिसकत पुढे जायचे, हे त्यांच्या अंगात इतके भिनले आहे की खऱ्या घोड्यावर बसल्यावरही त्यांचा डावा हात छातीपर्यंत वर येतो. लाकडी घोड्याला तोंड दुखत नाही. पागेतील पहिल्या काही मुलांनी काकांकडे पाहून लगाम धरायला शिकले होते आणि ही मुलगी त्यांपैकीच एक होती.

अडचण

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरमध्ये मैदान वाळून कामाला लागले, तेव्हा शेवंतीच्या तक्रारी सुरू झाल्या. लगाम घालायला गेले की ती मान वर करून दात आवळून धरी. पावलाच्या चालीत ती बरी असे, पण दुडकीवर आली की डोके झटकू लागे, तोंड उघडे आणि जीभ डाव्या बाजूने बाहेर काढी. त्याहून वेग वाढला की मान ताठ वर करून ती पळ काढी आणि अशा वेळी मुलीने जितके ओढावे तितकी ती अधिक जोरात जाई. नोव्हेंबरमधील एका संध्याकाळी ती मुलीला घेऊन मैदानाबाहेर थेट पोफळींत शिरली. मुलीचा गुडघा एका खोडाला घासला. सुदैवाने इजा वरवरची होती.

त्या संध्याकाळी पागेच्या ओट्यावर तीन मते मांडली गेली. काकांचे म्हणणे असे की घोडीचे तोंड दगड झाले आहे, तेव्हा तिला लांब दांड्यांचे, हनुवटीखाली साखळी असलेले कडक बिट घालावे. मुलीच्या आईने घरी बरेच वाचले होते. त्यांचे म्हणणे असे की तोंडात लोखंड घालणे हीच मुळात क्रूरता आहे आणि उद्यापासून घोडीला बिटाविना लगाम द्यावा. माझे मत असे होते की अडचण मुलीच्या हातांत आहे आणि हात सुधारले की बाकी सारे आपोआप जागेवर येईल. तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य होते, पण घोडीला नेमके कुठे दुखते आहे हे तिघांपैकी कोणालाही माहीत नव्हते.

तपासणी

दुसऱ्या दिवशी मी शेवंतीच्या ओठांचे कोपरे उजेडात पाहिले. दोन्ही बाजूंना पांढरट, कडक झालेले जुने वण होते. घोड्याच्या खालच्या जबड्यात पुढचे दात संपतात तिथून दाढा सुरू होईपर्यंत मोकळी जागा असते आणि बिट तिथेच बसते. ही जागा रिकामी दिसते, त्यामुळे ती निर्धोक वाटते. खरे तर तिथे जबड्याच्या हाडाची कड अगदी वर असते आणि तिच्यावर हिरडीचे केवळ पातळ आवरण असते. आपल्या नडगीवर खाटेचा कोपरा लागला की जे होते, ते त्या जागी लोखंड दाबले गेले की घोड्याला होत असणार. डाव्या बाजूच्या त्या कडेवर मी बोट अलगद टेकवले आणि शेवंतीने सबंध डोके हिसकावून घेतले.

आणखी एक गोष्ट मोजपट्टीने कळली. तिला घातलेले बिट साडेपाच इंचांचे होते आणि तिच्या तोंडाला पावणेपाच इंच पुरेसे होते. मोठे बिट तोंडात इकडून तिकडे सरकते, त्याचा सांधा मधोमध राहत नाही, आणि ज्या बाजूचा लगाम अधिक ओढला जातो त्या बाजूला सारा भार एकवटतो. मुलगी डाव्या लगामावर लोंबकळत होती.

सोळाव्या शतकात अरबस्तान आणि इराणकडून आलेले घोडे याच गोव्याच्या बंदरातून विजयनगरकडे जात, पण आज त्याच गोव्यात घोड्याचे दात पाहणारा पशुवैद्य मिळायला आम्हाला वाट पाहावी लागली. बेळगावहून चोर्ला घाट उतरून डॉक्टर आले, तोवर तीन आठवडे गेले होते. या तीन आठवड्यांत आम्ही शेवंतीचे काम कमी केले, पण थांबवले नाही. बोट लावताच घोडीने डोके हिसकावले हे पाहिल्यानंतरही तिच्या तोंडात तेच लोखंड मी आणखी आठ-नऊ वेळा घालू दिले. या प्रकरणातील माझी सर्वांत मोठी चूक हीच.

डॉक्टरांनी गुंगीचे औषध दिले, जबडा उघडा ठेवणारी चौकट बसवली आणि दिव्याच्या उजेडात सारे तोंड तपासले. डाव्या कडेवर तुरीच्या दाण्याएवढा व्रण होता व त्याखाली हाताला लागणारा हाडाचा उंचवटा होता, जो वारंवार दाब पडून हाड वाढल्याने तयार होतो. उंचवटा जुना होता, बहुधा काटेरी लगामाच्या दिवसांतला. व्रण मात्र ताजा, म्हणजे आमच्याच पागेत झालेला होता. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला त्यांचे ओरखडे होते. वरच्या उजव्या बाजूला दाढांच्या अगदी पुढे, ज्याला लांडगदात म्हणता येईल असा एक खुजा, निरुपयोगी दात होता. तो काढला आणि दाढांच्या कडा कानशीने घासून बोथट केल्या. निदान सहा आठवडे तोंडात काहीही घालू नये आणि पुढेही त्या उंचवट्यावर दाब पडू न देणे इष्ट, असे त्यांनी सांगितले.

विचारात घेतलेले पर्याय

डॉक्टरांच्या सांगण्यानंतर कडक बिटाचा प्रश्न उरायला नको होता, पण काका सहजी पटणारे नव्हते आणि त्यांची चिंता खोटीही नव्हती. एखादी घोडी पोरीला घेऊन झाडांत शिरत असेल, तर तिला थांबवण्याचे खात्रीचे साधन हवे, हे म्हणणे चुकीचे कसे म्हणावे? म्हणून मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. बिटाच्या वरची दांडी पाच सेंटिमीटर आणि खालची पंधरा सेंटिमीटर असेल, तर तरफेच्या नियमाने हातातला ताण हनुवटीखालच्या साखळीवर सुमारे तिपटीने पोचतो. ज्या हातांना आपले ओझे किती पडते हेच कळत नाही, त्यांच्या हाती तिप्पट ओझे देणे धोक्याचे आहे. शिवाय शेवंती दुखण्यापासून पळत होती, आणि दुखणे वाढवून पळणारे जनावर थांबेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

तोंड उघडू नये म्हणून नाकावरचा पट्टा आवळून बांधायचा, हा दुसरा मार्ग बऱ्याच ठिकाणी वापरला जातो. मी तो नाकारला. उघडे तोंड ही घोडीची तक्रार होती आणि पट्टा आवळून तक्रार मिटत नाही, ती दिसेनाशी होते.

घोडी विकून टाकण्याचाही विषय निघाला. पुढचा घेणारा तिला पुन्हा काटेरी लगामातच नेण्याची शक्यता दाट होती, म्हणून काकांनीच तो बाजूला सारला, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

राहिला बिटाविना लगाम. मुलीच्या आईला, आमच्या वैनींना, वाटत होते की बिट गेले म्हणजे त्रास संपला. ते तितके सरळ नाही. घोड्याच्या नाकाच्या हाडाचे खालचे टोक पातळ असते आणि त्याच्या पुढे मऊ कूर्चा असते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे पट्टा खाली सरकून मऊ भागावर आवळला गेला तर श्वासच कोंडतो. गालावरून चेहऱ्याच्या नसा जातात. हिसकणारा हात नाकावरही हिसकतोच. तरीही शेवंतीच्या बाबतीत नाकाची कातडी धड होती आणि हिरडी फाटलेली होती, एवढा फरक निर्णयाला पुरेसा होता. मुलीचे हात सुधारायला काही महिने लागणार होते आणि तेवढे महिने घोडीच्या तोंडाने सोसणे शक्य नव्हते. बिट काढून आम्ही तो वेळ मिळवत होतो.

पहिला प्रयत्न आणि तो का सोडला

सामानाच्या खोलीत खिळ्याला एक यांत्रिक हॅकमोर टांगलेला होता. यात तोंडात काही जात नाही. नाकावर पट्टा, हनुवटीखाली साखळी आणि दोन्ही बाजूंना धातूच्या लांब दांड्या असतात. मी तो घेतला. कारण एवढेच की तो हाताशी होता.

पहिल्या दिवशी सगळ्यांना नवल वाटले. मुलीने लगाम जरा मागे घेतला की शेवंती जागच्या जागी थांबे. काका खूश झाले, मुलगी खूश झाली आणि मीसुद्धा तो दिवस यशाचा धरला. नऊ दिवसांनी नाकावरचे केस घासून गेलेले दिसले आणि त्याखालची कातडी गरम लागली. त्याआधीच लक्षात यायला हवी होती अशी एक खूण होती. थांबताना शेवंती हनुवटी छातीकडे ओढून घेई व मान वाकडी करी, आणि लगाम घालायला गेले की जशी पूर्वी मान वर करी तशीच अजूनही करत होती. घोडी लवकर थांबली, याचा अर्थ मी ती शांत झाली असा लावला होता. प्रत्यक्षात काकांना नाकारलेली तरफ मी दुसऱ्या रूपात तिच्या नाकावर बसवली होती. काकांना ज्या हिशेबाने पटवले तोच हिशेब मी स्वतःला लावला नव्हता.

दहाव्या दिवशी हॅकमोर उतरवला. नाकाची कातडी पूर्ववत होईपर्यंत दोन आठवडे शेवंतीवर कोणी बसले नाही. तेवढ्या काळात म्हापशातील एका कारागिराकडून आम्ही साइडपुल शिवून घेतला, म्हणजे नाकाभोवती मऊ अस्तराचा रुंद पट्टा व त्याच्या दोन्ही बाजूंना लगाम जोडण्याच्या कड्या, तरफ नाही आणि साखळी नाही. गालाच्या हाडाची कड संपते तिच्या खाली दोन-तीन बोटांवर आणि मऊ कूर्चेच्या बऱ्याच वर तो बसेल, व नाकाच्या वरच्या बाजूला पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकतील, इतका तो सैल ठेवला. जबड्याखालून पट्टे आडवे जाऊन संपूर्ण डोक्याला मिठी मारणारा एक प्रकारही आम्ही विचारात घेतला होता. त्याचा दाब विभागला जातो हे खरे. पण ओढ सोडल्यावर एकमेकांवर घासणारे ते पट्टे लगेच सैल होत नाहीत, आणि आमच्या दमट हवेत, घामाने चिकटलेल्या कातड्यात तर अधिकच रेंगाळतात. घोडा ओढीने शिकत नाही, ओढ सुटते त्या क्षणाने शिकतो. तो क्षण धूसर होऊन चालणार नव्हते.

हातांचे काम

प्रकरणाचा सर्वांत लांबलेला भाग हाच, आणि येथे मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बिट की बिटाविना या वादात हा भाग नेहमी मागे पडतो.

सुरुवात मैदानावर झाली नाही, ओट्यावर झाली. मुलीला मी जुने बिट दोन्ही तळहातांवर आडवे धरायला लावले, डोळे मिटायला सांगितले आणि लगाम स्वतःच्या हातात घेऊन तिच्या दुडकीवरच्या हातांची नक्कल केली. मिनिटभराने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “ताई, तुम्ही थांब कधी म्हणालात ते मला कळलंच नाही. सगळा वेळ काहीतरी ओढतच होतं.” यापुढे मला समजावण्यासारखे फारसे उरले नाही.

हात स्थिर न राहण्याचे मूळ हातांत क्वचितच असते. घोडा पावलाच्या चालीत प्रत्येक आवर्तनात दोनदा मान खालीवर करतो आणि चौखूर चालीच्या आधीच्या सैल धावेत एकदा. अशा वेळी हाताने त्या मानेबरोबर पुढेमागे जायचे असते. दुडकीत मात्र घोड्याचे डोके जवळजवळ स्थिर राहते, आणि नेमके त्याच चालीत स्वाराचे अंग सर्वांत जास्त उसळते. जो स्वार हात अंगाला बांधल्यासारखे धरतो, त्याचे हात अंगाबरोबर उसळतात आणि प्रत्येक पावलाला घोड्याच्या तोंडाला एक हिसका बसतो. शेवंती दुडकीवरच डोके का झटकत होती, याचे उत्तर हेच. हात मोकळे व्हायचे असतील तर आधी बैठक लगामावाचून तोलली पाहिजे.

म्हणून दोन महिने मुलीला लगाम दिलाच नाही. लांब दोरीला धरून घोडा गोल फिरवायचा, ज्याला जुने चाबूकस्वार घोडा काव्यावर धरणे म्हणत, तसे मी शेवंतीला फिरवीत असे आणि मुलगी तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला एक बोट अडकवून बसे. आधी एका बोटाचा आधार, मग तोही नाही. तिच्या रिकिबी चार बोटे जास्त लांब होत्या असे येथे दिसून आले. पाय पोचत नाहीत म्हणून ती गुडघ्यांनी खोगीर आवळी, आवळलेल्या गुडघ्यांवरून अंग वर फेकले जाई, आणि तोल सांभाळायला हात लगाम पकडत. रिकिबी आखूड केल्यावर आठवडाभरात जेवढी सुधारणा झाली, तेवढी माझ्या महिनाभराच्या “हात खाली, हात खाली” या ओरडण्याने झाली नव्हती.

फेब्रुवारीत लगाम परत हाती दिला तेव्हा एक युक्ती केली. लगाम साइडपुलच्या कडीला थेट न जोडता मध्ये केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा बांधला. मुलीची आजी घरी अबोलीच्या फाती, म्हणजे वेण्या, विणते, त्याच सोपाचा. ओला असताना तो चिवट असतो, वाळला की हिसका बसताच तुटतो. घोडी थांबवण्यासाठी वेगळी, सुरक्षिततेची दोरी माझ्या हातात असे आणि हे काम फक्त कुंपणाच्या आत चाले. पहिल्या दिवशी धागा इतक्या वेळा तुटला की मुलगी रडकुंडीला आली. तुटणे ही तिची परीक्षा नसून हातातला हिसका डोळ्यांना दिसण्याची सोय आहे, हे तिला पटायला वेळ लागला. मार्च अखेरीस पावलाच्या चालीत आणि दुडकीत धागा क्वचितच तुटे. डावीकडे वळताना मात्र डाव्या बाजूचाच तुटे.

याच काळात शेवंतीलाही जमिनीवरून शिकवणे चालू होते. माझ्या आवाजावर थांबणे, एका बाजूचा लगाम अलगद उघडला की मान वळवून मागचे पाय बाजूला टाकणे आणि ताण सुटताच डोके खाली सोडणे, एवढे तीन धडे रोज दहा मिनिटे. शेवटचा धडा सर्वांत उशिरा आला. ज्या जनावराने अनेक वर्षे डोके वर ठेवून दुखणे चुकवले, त्याला डोके खाली नेणे सुरक्षित आहे हे पटवायला आमचे नऊ आठवडे गेले.

किनाऱ्याचा निर्णय

जानेवारीत, पर्यटकांच्या ऐन हंगामात, काकांकडे किनाऱ्यावर रपेटीसाठी विचारणा आली. मोरजी आणि मांद्रे हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून ते आम्ही आधीच वगळतो, पण दुसऱ्या एका किनाऱ्यावर शेवंतीला न्यावे असा काकांचा आग्रह होता. साइडपुलमध्ये ती मैदानावर सरळ वागत होती. मी नकार दिला. किनाऱ्यावर कुंपण नसते, कुत्री असतात, पाण्यातल्या यांत्रिक खेळांचा आवाज असतो आणि ओल्या वाळूवर घोड्याला आपसूक पळावेसे वाटते. अशा ठिकाणी थांबवण्याचा धडा पक्का झालेला नसताना अनोळखी स्वाराला वर बसवणे मला मान्य नव्हते. काकांचे त्यात पैशाचे नुकसान झाले आणि आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो. पण शेवंतीला सावरायला एक सबंध हंगाम जाईल हे मी त्यांना डिसेंबरमध्येच सांगायला हवे होते. ते मी सांगितले नव्हते, आणि त्यांचा राग त्यासाठी असेल तर तो रास्त होता.

एप्रिलमध्ये पागेतील एका अनुभवी स्वाराने शेवंतीला साइडपुलमध्येच वाड्यावरच्या रस्त्याने नेले. मी मागे सायकलवर होते. वळणावर पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याचा आवाज अचानक आला आणि ती आडवी उडाली. स्वाराने दोन्ही लगाम ओढले नाहीत. एकच लगाम उघडून तिची मान वळवली, मागचे पाय बाजूला पडले, वेग मोडला आणि पाच-सहा पावलांत ती उभी राहिली. उभी राहिल्यावर तिने डोके खाली सोडले. मी ते पाहून तिथेच सायकल टेकवून थोडा वेळ उभी राहिले.

परिणाम

पावसाळ्यात काम थांबले. कातड्याच्या सामानावर बुरशी धरते म्हणून आम्ही दर चार दिवसांनी ते पुसत राहिलो, आणि ऑक्टोबरमध्ये डॉक्टर पुन्हा आले. व्रण पूर्ण भरला होता, उंचवटा होता तसाच होता. जिभेवर दाब पसरवणारे, मध्ये बदामी आकाराचा तुकडा असलेले दोन सांध्यांचे पावणेपाच इंचांचे बिट आम्ही एकदा घालून पाहिले. शेवंतीने ते विनातक्रार घेतले, पावलाच्या चालीत चघळलेही, पण दुडकीवर येताच जीभ डावीकडून बाहेर आली. तेवढे पुरे होते. तिच्यासाठी बिट कायमचे बंद केले.

पागेतील एका वयस्क खच्ची घोड्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले, हेही नोंदवले पाहिजे. शेवंतीचे पाहून काकांनी उत्साहाने त्यालाही साइडपुल दिला. तो पट्ट्यावर नाक टाकून अंगाचा सारा भार स्वारावर टाकू लागला, स्वार ओढू लागले आणि त्याचे नाक सोलवटले. त्याच्या तोंडात काही दोष नव्हता. दोन सांध्यांच्या बिटात तो पुन्हा हलका आणि समाधानी झाला, म्हणून त्याला तेच ठेवले आहे. नवशिक्यांना मात्र आता कोणत्याही घोड्यावर बिटाला जोडलेला लगाम मिळत नाही. पहिले काही महिने गळ्यातला पट्टा, मग म्होरकीला बांधलेला लगाम, आणि हात शांत झाल्याशिवाय पुढची पायरी नाही.

वेगळे काय करता आले असते

घोडी सारंगखेड्याहून उतरली त्याच आठवड्यात तिचे तोंड तपासून घेतले असते, तर जुना उंचवटा तेव्हाच कळला असता आणि नवा व्रण झालाच नसता. ते राहून गेले तरी बोटाच्या स्पर्शाने डोके हिसकावलेल्या दिवशी बिट काढणे पूर्णपणे माझ्या हातात होते. त्यासाठी डॉक्टरांची वाट पाहण्याची गरज नव्हती. साधी म्होरकी घालून तिला हाताने फिरवता आले असते.

वैनींशी मी वागले तेही बरोबर नव्हते. बिट काढा, हे त्यांचे म्हणणे योग्य होते आणि त्यामागचे कारण अपुरे होते. मी कारणातला अपुरेपणा दाखवण्यात गुंतले आणि म्हणण्याकडे दुर्लक्ष केले. त्या संध्याकाळी त्यांचे ऐकले असते तर तीन आठवडे वाचले असते. यांत्रिक हॅकमोरच्या बाबतीत, साधन निवडण्याआधी ते कुठे, किती आणि कसे दाबते हे स्वतःच्या हातावर अजमावून पाहण्याचा नियम मी मुलीला लावला होता, तो आधी मला लावायला हवा होता. आता नवे कोणतेही सामान आले की आम्ही ते प्रथम स्वतःच्या नडगीवर आणि मनगटावर धरून ओढून पाहतो. काकाही पाहतात.

मुलगी आता शेवंतीवर दुडकीत दोन बोटांवर लगाम तोलून चालते. त्याहून वेगात, विशेषतः डावीकडच्या वळणावर, तिचा डावा हात अजून घट्ट होतो आणि शेवंतीचा उजवा कान मागे जातो. त्यामुळे मंगळवारचा तास आम्ही अजूनही केळीच्या सोपावरच घेतो, आणि डॉक्टरांची पुढची तपासणी पावसाळ्याच्या आधी ठरलेली आहे.